दामाजीची पावती

पांडुरंगा, आज तुझ्याकडे शांतता मागायला जीभ रेटत नाही. रोज सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावली की तीच मागतो. बाप तेच मागायचा, आजाही तेच मागायचा. हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या कापडवाल्याला दुसरं काय हवं असतं? रस्ता वाहता असावा, दगड पडू नयेत, भवानी वेळेवर व्हावी, लग्नसराई निर्विघ्न जावी. पण शांतता देणारा कोण आणि त्याने तिची किंमत कुणाकडून वसूल केली, हे विचारल्याशिवाय ती पदरात घेऊ नये असं मनाने घेतलंय. म्हणून आजचं मागणं वेगळं आहे. जरा वाकडंतिकडंही आहे, सांभाळून घे.

या रस्त्याची शांतता मी पाहिली आहे. चन्नम्मा सर्कलजवळचं ईदगाह मैदान इथून हाकेच्या अंतरावर. १९२१ साली नगरपालिकेने ती जागा अंजुमन-ए-इस्लामला ९९९ वर्षांच्या कराराने दिली. वर्षातून दोनदा नमाज, एरवी मोकळं मैदान. पुढे तिथलं बांधकाम, मग कोर्टकचेरी, मग झेंड्याचा वाद आणि मग बाहेरगावचे पुढारी. १५ ऑगस्ट १९९४ ला गावात संचारबंदी होती. झेंडा लावायला माणसं निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. जागा कुणाची याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तो वाद तुझ्यापुढे उगाळायचा नाही. मला सांगायचंय ते शटरचं.

त्या काळात दंगलीची कुणकुण आधी कानाला लागायची. दुर्गदबैलच्या बाजूला कुठेतरी एक शटर घरंगळायचं, मग त्याच्या शेजारचं, मग आमच्या रांगेतलं. कुणा बाईने पदर बघायला उलगडलेली इरकल काउंटरवर तशीच राहायची आणि पोऱ्या आकड्याची सळई घेऊन धावायचा. शटर पुरतं ओढायचं नाही, गुडघ्याएवढी फट ठेवायची. त्या फटीतून बूट दिसायचे, खाकी विजारी, काठीचं टोक. काठी पत्र्यावर एकदा वाजायची, ‘बंद माड्री!’ की फट मिटायची. आत आठ-दहा जण, मालक कोण नि गिऱ्हाईक कोण हे अंधारात कळू नये असे. बाहेर कुणीतरी पळत जायचं, मग ओरडणं, मग कुणाला तरी फरफटत नेल्याचा आवाज. कोण नेलं, कशासाठी, कुठल्या ठाण्यात, हे आतल्यांपैकी कुणी विचारत नसे. मग खरोखर शांत व्हायचं. बाई कपाळाला हात लावून म्हणायची, विठ्ठला, सुटलो.

सुटलो कोण, ते तिने सांगितलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

त्या ध्वजारोहणाच्या खटल्यात दहा वर्षांनी हुबळीच्या कोर्टाचं वॉरंट निघालं आणि ऑगस्ट २००४ मध्ये त्यात आरोपी असलेल्या उमा भारतींना मध्य प्रदेशचं मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. एका छोट्या कोर्टाच्या कागदाने दुसऱ्या राज्यातलं सरकार हललं, सगळ्या देशाला हुबळी ठाऊक झाली. गोळीबारात गेलेल्यांची नावं मात्र आज या रस्त्यावर विचारून बघ. पक्ष सांगतील, तारीख सांगतील. नाव सांगताना अडतील.

देवा, शांतता द्यायला तर सगळेच तयार असतात. अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ च्या पहाटे लष्कराने सत्ता घेतली. आधीची दोन वर्षं बॉम्ब, अपहरणं, रातोरात चढणारे भाव. तिथलेही दुकानदार विटले असणार. जनरल विदेला टीव्हीवर आला तेव्हा कित्येक घरांत हुश्श झालं. त्या राजवटीने आपलं नावही कसं ठेवलं, तर ‘राष्ट्रीय पुनर्रचना प्रक्रिया’. एखाद्या खात्याचं परिपत्रक वाटावं. मग रात्री नंबरप्लेट नसलेल्या फोर्ड फाल्कन गाड्या दारात थांबू लागल्या. नेलेला माणूस कोणत्याच ठाण्याच्या वहीत नसे. पुढे लोकशाही आल्यावर चौकशी आयोगाने जवळजवळ ९,००० नावं नोंदवली, मानवी हक्कवाले ३०,००० म्हणतात. मधली माणसं कुणाच्याच यादीत नाहीत, ती तुझ्या यादीत आहेत असं मी धरून चालतो. धरून चालू ना?

आमच्याकडे लष्कर आलं नाही. मतपेटी होती, संसद होती, आणि तरी २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचं जे झालं ते झालं. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजायच्या नाहीत. इथे १९७७ साली निवडणूक झाली आणि इंदिराबाई हरल्या. तिथे सात वर्षं गेली आणि फॉकलंडचं युद्ध हरल्यावरच जनरल उठले. पण वास ओळखीचा होता. गाड्या वेळेवर धावतात हो, असं म्हणणारी माणसं तेव्हा प्रत्येक पेठेत होती. विनोबांनी मौनात लिहून दाखवलेलं ‘अनुशासन पर्व’ सरकारने उचललं आणि भिंतीभिंतीवर रंगवलं. संताचा शब्दसुद्धा सरकारच्या हाती लागला की चुन्यात बुडतो, हे तेव्हा दिसलं. पुढे शाह आयोगाने मोजलं तर मिसा कायद्याखाली जवळपास ३५,००० आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,००० हून अधिक माणसं आत होती.

अर्जेंटिनातल्या त्या पहाटेनंतर महिनाभराने, २८ एप्रिल १९७६ ला, आमच्या सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्याला कोर्टात दाद मागता येते का याचा, निकाल दिला. नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांची बाजू उचलून धरली होती. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी सरकारी वकिलांना सरळ विचारलं: एखाद्या पोलिसाने खाजगी वैरातून कुणाला ठार केलं तर दाद कुठे मागायची? ॲटर्नी जनरल निरेन डे यांचं उत्तर असं की आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही. पाचांपैकी चौघांनी हे मान्य केलं. त्या चौघांत आमच्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. खन्ना एकटे उलट गेले, त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, यशवंतरावांच्या मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी, वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं आपल्या निकालात लिहिलं. बरं झालं, पण एकेचाळीस वर्षं. तुझ्या युगांच्या हिशेबात ती काहीच नसतील, आमच्यात तेवढ्यात बाप मरतात.

ईचर वारियर मेले. केरळातले हिंदीचे प्राध्यापक. त्यांचा मुलगा राजन कालिकतच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकत होता. १ मार्च १९७६ ला पोलिसांनी त्याला वसतिगृहावरून उचललं आणि कक्कयमच्या छावणीत नेलं. म्हातारा मंत्र्यांकडे गेला, अधिकाऱ्यांकडे गेला, अर्ज केले, दारं वाजवली. आणीबाणी उठल्यावर हेबियस कॉर्पस लागला आणि त्यात मुख्यमंत्री करुणाकरनांची खुर्ची गेली. मुलगा सापडला नाही, त्याचं शरीरही नाही. २००६ साली वारियर गेले तेव्हाही नाही. आणि आमच्या कर्नाटकातच, बंगळूरच्या तुरुंगात, ‘संस्कार’ सिनेमातली चंद्री, स्नेहलता रेड्डी. दम्याची बाई. मे १९७६ ला धरली, जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर सोडली आणि पाच दिवसांत गेली. त्याच तुरुंगात असलेल्या आमच्या मधू दंडवत्यांना रात्री तिचं ओरडणं ऐकू यायचं, त्यांनी ते लिहून ठेवलंय. एका माणसाने ऐकलं आणि लिहिलं, म्हणून आज मला ठाऊक. भिंतीपलीकडचं ओरडणं ऐकणारे आम्ही शटरवालेही कमी नव्हतो.

विठ्ठला, तुझं सगळं देवपण उभं राहण्यात. ब्यूनोस आयर्सच्या त्या आयांना उभं राहायचीच बंदी होती. ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका सरकारी वाड्यासमोरच्या प्लासा दे मायो चौकात जमल्या. आपापली पोरं कुठे आहेत एवढंच विचारायला. तिथली आणीबाणी लागू होती, घोळका करून थांबायचं नाही, पोलिस म्हणाले चालत राहा. त्या चालत राहिल्या, चौकाच्या मधल्या खांबाभोवती गोल गोल, पुढे दर गुरुवारी. त्याच वर्षी ऑक्टोबरात लुहानच्या देवीची पायी यात्रा होती. त्यांच्याकडची वारीच म्हण. लाखोंच्या गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? तर पोरांच्या लंगोटाचं पांढरं कापड डोक्याला बांधून निघाल्या. तो पांढरा रुमाल पुढे जगभर गेला. मी कापडाच्या धंद्यातला, म्हणून हे लक्षात राहिलं असेल. बाळाचा लंगोट कुणी इतकी वर्षं जपून ठेवत नाही. त्या बायकांनी ठेवला होता.

त्यांच्यातली पहिली, असुसेना बिज्याफ्लोर, त्याच डिसेंबरात उचलली गेली. तिला विमानातून समुद्रात टाकलं. लाटांनी देह किनाऱ्याला आणला, बेवारस म्हणून पुरला गेला, आणि २००५ मध्ये हाडांवरून ती ओळखली गेली. तिची रक्षा तिच्याच चौकात पुरली आहे.

आता जे विचारायचंय ते तुलाच विचारतो, कारण यात तुझी माणसं गुंतलेली आहेत. त्या विमानांवर ड्यूटी केलेल्या आदोल्फो सिलिंगो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९९५ साली तोंड उघडलं. बेशुद्ध केलेली जिवंत माणसं खाली ढकलून आल्यावर त्याचं मन खायला उठलं, तर लष्करातल्या पाद्र्याने त्याची समजूत घातली, की हा मृत्यू वेदनेचा नव्हे, ख्रिस्ती धर्माला धरूनच आहे. देवाचा माणूस तो. आणि शेजारच्या चिलीत, जिथे ११ सप्टेंबर १९७३ पासून पिनोचेची राजवट होती, तिथे सांतियागोच्या कार्डिनल सिल्वा एन्रिकेसांनी १९७६ च्या आरंभी चर्चच्या आवारात एक कचेरीच उघडली. नेलेल्या माणसाचे नातेवाईक तिथे यायचे, वकील अर्ज लिहायचे, न्यायालय फेटाळायचं, कचेरी फाइल लावून ठेवायची. दुसरा अर्ज, दुसरी फाइल. न्यायाची आशा फारशी नव्हती. पण राजवट गेल्यावर सत्यशोधन आयोग बसला तेव्हा हातात कागद होता.

हे दोघेही एकाच क्रुसाखाली उभे होते. म्हणून मागतो, आमच्या मठांत, देवळांत, मशिदींत, आमच्या सिद्धारूढांच्या मठाच्या अंगणातसुद्धा, त्या दुसऱ्या प्रकारचे पुजारी दे. समजूत घालणारे पुष्कळ आहेत. फाइल लावणारे कमी पडतात.

प्रार्थनेनेही काही करता येतं, हे आमच्या भाषेत एकदा घडलंय. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. आणीबाणी ऐन भरात, आजारी जयप्रकाश नारायण नुकतेच कैदेतून सुटलेले. दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला उभं करून प्रार्थना करायला लावली. कुणाचं आरोग्य मागण्यात राजद्रोह कसला? पण मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, हे नाव आज उच्चारायचं नाही. पुढे बाईंना अटक झालीच. प्रार्थना करायची तर तशी, नाव घेऊन. आमची मात्र ‘सर्वांचं भलं कर’ अशी गुळमुळीत. तीत तुलाही काम नाही आणि सरकारलाही त्रास नाही.

तुला खरं तर हे सगळं शिकवायला नको. मंगळवेढ्याचा दामाजी तुझाच. दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं त्याने भुकेल्यांना मोकळी केली आणि बिदरहून त्याला धरून आणायचा हुकूम सुटला. तू काय केलंस? बादशहाचं मन पालटवलं नाहीस, राजवाड्यावर वीज पाडली नाहीस. विठू महार होऊन दरबारात गेलास, धान्याची रक्कम ओतलीस आणि आधी पावती मागितलीस. ज्याला एरवी देवडीच्या आत घेतलं नसतं त्याला बादशहाच्या कारकुनाने शिक्क्यानिशी कागद लिहून दिला. तो तू दामाजीच्या पोथीत ठेवलास. कथेकरी या प्रसंगात मोहरांच्या ढिगावर रंगतात. माझा जीव पावतीवर. मी दुकानदार आहे. राज्यकर्त्याच्या हातचा कागद नसेल तर उद्या तुझीच रक्कम तुझ्याकडून दुसऱ्यांदा वसूल होते, हे तुला ठाऊक होतं.

तर तीच पावती दे, देवा. ज्याला घरातून नेलं त्याच्या दारात एक कागद राहू दे: कुणी नेलं, किती वाजता, कुठल्या ठाण्यात, कोणत्या कलमाखाली. हे काही चमत्काराचं मागणं नाही. आमच्या घटनेच्या बाविसाव्या कलमात चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं लिहिलंय, १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा कागद आणि साक्षीदाराची सही सक्तीची केली. कायद्यात आहे. रात्री दोनला ठाण्यातल्या टेबलावर असेल की नाही, तेवढंच तुझ्याकडे.

पोलिसांसाठीही मागतो, आणि हे वरवरचं नाही. आमच्या जिल्ह्यातलं नवलगुंद आणि शेजारचं नरगुंद. २१ जुलै १९८० ला मलप्रभेच्या पाण्यावरच्या जादा आकारणीविरुद्ध शेतकरी उठले, गुंडूरावांच्या सरकारने गोळ्या घातल्या. वीरप्पा कडलीकोप्प गेले, बसप्पा लक्कुंडी गेले. नरगुंदात चिडलेल्या जमावाने पोलिसांनाही ठार केलं. अडीच वर्षांनी, १९८३ च्या जानेवारीत, कर्नाटकात काँग्रेसचं राज्य पहिल्यांदा गेलं. शेतकऱ्यांच्या नावाने दरवर्षी हार घालतात आणि घालायलाच हवेत. त्या पोलिसांच्या घरीही कुणी वाट बघत असेल. हुकूम देणारा बंगळुरात बसतो, गोळी झाडणारा आणि गोळी खाणारा दोघेही इथल्याच बसस्टँडवर उतरतात. ऑगस्ट १९४२ मध्ये याच हुबळीत चौदा वर्षांच्या नारायण डोणीला गोळी लागली तेव्हा हुकूम साहेबाचा होता, तरी बंदुकीमागचा हात इथलाच असेल.

शेवटचं, आणि ते माझ्या बिरादरीचं. जून २०२०, तामिळनाडूतलं सातानकुलम. लॉकडाऊनमध्ये मोबाइलचं दुकान वेळेनंतर उघडं ठेवलं या आरोपावरून जयराज आणि त्यांचा मुलगा बेनिक्स यांना ठाण्यात नेलं. रात्रभर मारलं. चार दिवसांच्या आत दोघेही गेले. त्या दिवसांत आम्ही इथे शटरच्या मागून चोरून एखादी साडी, एखादा कफनाचा तागा देत होतो, तेव्हा ही बातमी वाचली. मॅजिस्ट्रेट चौकशीला गेले तर ठाण्यातला कॅमेरा चालू होता, पण रोजचं चित्रीकरण रोज आपोआप पुसलं जाईल अशी कळ फिरवून ठेवलेली. पावतीच होऊ नये याची तजवीज. त्या ठाण्यातल्या हवालदार रेवती यांनी मात्र काय पाहिलं ते सांगितलं. तिथेच नोकरी करणाऱ्या बाईने, बाहेर सहकारी उभे असताना, मॅजिस्ट्रेटपुढे सही केली.

म्हणून, पांडुरंगा, आमच्या गावातल्या प्रत्येक ठाण्यात अशी एक बाई किंवा असा एक बाप्या असू दे. रात्रीच्या रायटरला स्टेशन डायरीत खरी वेळ लिहायचं बळ दे. साहेब म्हणाला पान फाड, तर त्याचं पेन अडू दे. साक्ष देऊन जी घरी निघाली तिला सुखरूप पोचव. आणि तिच्या बदलीचा हुकूम निघणारच असेल, तो तर निघतोच, तर गाव जरा जवळचं निघू दे, पोरांची शाळा मध्येच मोडणार नाही असं.